किरकोळ व्यापारातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्राहकांच्या बदलत्या सवयी : नांदेड व लातूर शहरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

उत्पादक आणि उपभोक्ता यांना जोडणारा शेवटचा दुवा म्हणजे किरकोळ व्यापार होय. हा व्यापार दोन प्रकारच्या ज्ञानावर चालतो. कोणता माल कोठून, केव्हा आणि किती आणावा, हे मालाविषयीचे ज्ञान झाले. समोर उभा असलेला ग्राहक कोण, त्याची गरज काय, त्याची ऐपत किती आणि तो दिलेला शब्द पाळणारा आहे किंवा नाही, हे ग्राहकाविषयीचे ज्ञान झाले. पहिले ज्ञान भांडवल व संपर्क यांच्या बळावर मिळविता येते. दुसऱ्या ज्ञानासाठी मात्र वर्षानुवर्षांचा सहवास लागतो. छोट्या दुकानदाराजवळ भांडवल नेहमीच बेताचे होते. त्याचे खरे सामर्थ्य ग्राहकाच्या ओळखीत होते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या ओळखीची जागा हळूहळू संगणकातील नोंदी घेऊ लागल्या आहेत. ग्राहकाने भ्रमणध्वनीवर काय शोधले, कोणती वस्तू पाहून सोडून दिली, पैसे कोणत्या तारखेस भरले, या सर्वांची नोंद होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तिच्यावरून त्याच्या पुढील खरेदीचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे किरकोळ व्यापारात होत असलेला बदल केवळ 'दुकान विरुद्ध ऑनलाईन' एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. ग्राहकाविषयीचे ज्ञान कोणाकडे राहणार आणि त्या ज्ञानासोबत येणारी जबाबदारी कोण घेणार, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. मराठवाड्यासारख्या शेतीवर आणि पर्यायाने पावसावर अवलंबून असलेल्या विभागात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) नांदेड व लातूर येथील पारंपरिक किरकोळ व्यापाराची रचना आणि ग्राहकांच्या सवयींतील बदल स्पष्ट करणे.
२) किरकोळ व्यापारात कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्यक्षात कोणते काम करते, हे समजावून घेणे.
३) स्थानिक परिस्थितीत या तंत्राच्या मर्यादा आणि त्यापासून निर्माण होणारे प्रश्न यांचा विचार करणे.

पारंपरिक बाजारपेठेची रचना :

नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होती आणि त्यांच्या बाजारपेठांची घडण त्याच काळात झाली. लातूरची गंजगोलाई हे तिचे ठळक उदाहरण होय. नगररचनाकार फैय्याजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी देवीचे मंदिर असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफा, कापड, भांडी, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या स्वतंत्र ओळी या रस्त्यांवर वसल्या. कोणता माल कोणत्या रस्त्यावर मिळेल, हे ग्राहकास विचारावे लागू नये, अशी ही व्यवस्था होती. आज ऑनलाईन मंचावर वस्तूंचे जे वर्गीकरण दिसते, ते गंजगोलाईने दगड-विटांत आधीच साधले होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

नांदेडची बाजारपेठ गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीलगत वाढली. वजिराबाद, इतवारा, जुना मोंढा, नवा मोंढा ही तिची प्रमुख केंद्रे. कापसाचा व्यापार आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे देशभरातून येणारे यात्रेकरू यांमुळे या बाजारपेठेला वेगळे रूप लाभले. येथील व्यापाऱ्यास दोन प्रकारचे ग्राहक सांभाळावे लागतात : पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीचा खेड्यातील शेतकरी आणि आयुष्यात एकदाच भेटणारा दूरदेशीचा यात्रेकरू.

दोन्ही शहरांत मोंढा आणि किरकोळ बाजार यांचे नाते अतूट राहिले आहे. शेतकरी सोयाबीन, तूर, हरभरा किंवा कापूस घेऊन शहरात येतो, अडत्याकडे माल घालतो, हिशोबपट्टी घेतो आणि त्याच दिवशी किराणा, कापड, औषधे व शेतीची अवजारे खरेदी करून गावी परततो. पैसा ज्या वाटेने येतो त्याच वाटेने तो बाजारात जातो. म्हणून मोंढ्यातील आवक आणि भाव यांकडे किराणा दुकानदाराचेही बारकाईने लक्ष असते.

ग्राहकांच्या सवयींतील बदल :

ग्राहकांच्या सवयी बदलण्यास एकच एक कारण सांगता येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट सेवेचे नवे पर्व सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीच्या नोटाबंदीने रोख व्यवहारांची सवय मोडली. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यामुळे पावतीचा वापर वाढला. मार्च २०२० मधील टाळेबंदीने घरपोच मालाची गरज सर्व वयोगटांपर्यंत नेली. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातील यूपीआय व्यवहारांची मासिक संख्या प्रथमच १,००० कोटींच्या पुढे गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती २,००० कोटींच्या पुढे पोहोचली. चहाच्या टपरीपासून सराफी पेढीपर्यंत सर्वत्र लटकणारे क्यूआर फलक आणि रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी छोटी ध्वनिपेटी ही या बदलाची दृश्य खूण आहे.

खरेदीच्या स्वरूपातही बदल झाला आहे. राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०११-१२ मध्ये ग्रामीण भारतातील कुटुंबाच्या एकूण उपभोग खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. याचा अर्थ असा की, ग्रामीण कुटुंबाच्या खर्चाचा मोठा भाग आता वाहन, भ्रमणध्वनी, कपडे, प्रसाधने, शिक्षण, औषधोपचार अशा अन्नेतर बाबींवर होतो. यांपैकी अनेक वस्तूंची तुलना घरबसल्या भ्रमणध्वनीवर करता येते आणि म्हणूनच ऑनलाईन व्यापाराचा शिरकाव किराण्यापेक्षा या वस्तूंत अधिक लवकर झाला.

पाहणे आणि घेणे या दोन क्रियांची झालेली फारकत हा दुसरा महत्त्वाचा बदल होय. पूर्वी वस्तू जेथे पाहिली जाई, तेथेच ती विकत घेतली जाई. आज ग्राहक दुकानात साडीचा पोत हाताने पाहतो आणि भाव भ्रमणध्वनीवर तपासतो. कधी भ्रमणध्वनीवर नमुना पसंत करून तसाच माल दुकानात मागतो. घासाघीस आजही होते, परंतु तिचे हत्यार बदलले आहे. पूर्वी ग्राहक शेजारच्या दुकानातील भाव सांगत असे. आता तो पडद्यावरील भाव दाखवितो. दुकानदाराच्या जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि उधारीचा भार त्या पडद्यावर दिसत नाही.

लातूर शहराच्या बाबतीत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो. 'लातूर पॅटर्न' या नावाने परिचित असलेल्या शैक्षणिक परंपरेमुळे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येथे राहतात. या तरुण ग्राहकाचे शहरातील कोणत्याही दुकानात घराण्याचे खाते नसते. त्याच्या सवयींची नोंद पहिल्या दिवसापासून भ्रमणध्वनीवरील मंचाकडेच असते. गंजगोलाईतील दुकानदारास हा विद्यार्थी अनोळखी असतो. दूरच्या संगणकास तो चांगला परिचित असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची कार्यपद्धती :

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की, यंत्रमानवाचे चित्र डोळ्यांसमोर येते. किरकोळ व्यापारातील तिचे काम त्याहून पुष्कळ साधे आणि म्हणूनच अधिक सर्वव्यापी आहे. मागील नोंदींतून पुनरावृत्ती शोधणे आणि तिच्यावरून पुढील घटनेचा अंदाज करणे, हे तिचे मुख्य कार्य होय.

अ) शिफारस : या तंत्राची पायाभरणी १९९३ मध्ये राकेश अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या साहचर्य नियमांच्या संशोधनात आढळते. त्याचे तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका किराणा दुकानातील १,००० पावत्यांपैकी २०० पावत्यांवर पोहे आहेत आणि ३०० पावत्यांवर शेंगदाणे आहेत. पोहे असलेल्या २०० पावत्यांपैकी १२० पावत्यांवर शेंगदाणेही आहेत. म्हणजे कोणत्याही ग्राहकाने शेंगदाणे घेण्याचे प्रमाण ३० टक्के असताना पोहे घेणाऱ्यांमध्ये ते ६० टक्के, अर्थात दुप्पट आहे. अनुभवी दुकानदार पोहे बांधताना "शेंगदाणे टाकू का?" असे विचारतो, ते याच हिशोबाने, फक्त त्याचा हिशोब डोक्यात असतो. संगणक हाच हिशोब कोट्यवधी पावत्या आणि लाखो वस्तू यांच्यासाठी करतो. वस्तू-वस्तूंमधील साम्यावर आधारलेल्या शिफारस पद्धतीचे वर्णन ॲमेझॉनच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

आ) मागणीचा पूर्वअंदाज : माल कमी आणला तर ग्राहक परत जातो, जास्त आणला तर भांडवल अडकते व नाशवंत माल वाया जातो. मागील विक्री, सण, हवामान, सवलती यांच्या नोंदींवरून प्रत्येक गोदामात कोणता माल किती असावा, हे संगणक ठरवितो. दोन दिवसांत माल घरपोच मिळण्यामागे वाहनाच्या वेगापेक्षा या पूर्वअंदाजाचा वाटा मोठा असतो, कारण ग्राहकाने मागणी नोंदविण्यापूर्वीच तो माल जवळच्या गोदामात येऊन पडलेला असतो.

इ) क्रम आणि किंमत : एखादी वस्तू शोधली असता पडद्यावर शेकडो पर्याय उपलब्ध होतात, ग्राहक त्यांपैकी पहिले काही मोजकेच पाहतो. म्हणून कोणता विक्रेता वर दिसेल, हे ठरविणारी प्रणाली ही नव्या बाजारपेठेतील मोक्याची जागा ठरते. गंजगोलाईत दर्शनी दुकानाची पागडी किती, हे सर्वांना ठाऊक असते. पडद्यावरील दर्शनी जागा कोणत्या निकषावर मिळते, हे विक्रेत्यास सहसा कळत नाही. काही विक्रेत्यांना प्राधान्य दिले जाते, या आरोपावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचे आदेश दिले होते, ही बाब या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

ई) संवाद : अलीकडील भाषिक प्रणालींमुळे ग्राहक बोलून किंवा छायाचित्र दाखवून वस्तू शोधू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये संभाषणातूनच खरेदी व यूपीआय देयक पूर्ण करण्याचा प्रायोगिक उपक्रम भारतात जाहीर झाला. ही पद्धत रुजल्यास ग्राहकाच्या वतीने वस्तू निवडण्याचे कामही यंत्राकडे जाईल.

तथापि, यंत्राच्या प्रत्येक प्रयोगास यश येतेच असे नाही. रोखपालाविना चालणारे ॲमेझॉनचे दुकान जानेवारी २०१८ मध्ये सिॲटल येथे ग्राहकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही यंत्रणा काढून घेत असल्याचे जाहीर केले. याउलट शिफारस, पूर्वअंदाज व क्रम ही न दिसणारी कामे मात्र स्थिर झाली आहेत.

स्थानिक वास्तव आणि यंत्राच्या मर्यादा :

यंत्राचे ज्ञान नोंदींवर अवलंबून असते. जे नोंदीत येत नाही किंवा चुकीच्या चौकटीत येते, ते यंत्रास कळत नाही. लातूर जिल्हा आणि लगतच्या परिसरात साजरी होणारी वेळ अमावास्या हे याचे बोलके उदाहरण आहे. मार्गशीर्ष अमावास्येला शेतकरी कुटुंबे आप्तेष्टांसह शेतात जातात, पूजा करतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचे सहभोजन होते. त्या दिवशी शहरातील रस्ते ओस पडतात. आदल्या दोन-तीन दिवसांत मात्र भाज्या, डाळी, बेसन, गूळ, मातीची भांडी यांची मागणी एकदम वाढते.

हा सण चांद्र पंचांगानुसार येतो. २०२२ मध्ये तो २३ डिसेंबरला आला. त्यानंतर तो ११ जानेवारी २०२४ रोजी आणि पुन्हा ३० डिसेंबर २०२४ रोजी आला. म्हणजे २०२३ या इंग्रजी वर्षात वेळ अमावास्या आलीच नाही आणि २०२४ मध्ये ती दोनदा आली. इंग्रजी महिन्यांच्या चौकटीत मागील वर्षाच्या विक्रीवरून अंदाज करणाऱ्या प्रणालीस ही वाढ निव्वळ योगायोगाची वाटेल. दिवाळी किंवा ईद यांसारख्या देशव्यापी सणांची दखल मोठ्या प्रणाली घेतात. दोन-तीन जिल्ह्यांपुरत्या सणासाठी तशी तजवीज होणे कठीण असते. उलट लातूरचा कोणताही किराणा व्यापारी हे गणित पंचांग न उघडता सांगू शकतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वर यात्रा आणि गावोगावचे आठवडी बाजार यांनाही हेच लागू पडते.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. २०२१ मध्ये फ्लिपकार्ट व ॲमेझॉन या दोन्ही मंचांवर मराठीची सोय झाली. परंतु पुस्तकी मराठी आणि मराठवाड्याची बोली यांत अंतर आहे. याच सणास कोणी 'वेळा अमावस्या' म्हणतो, तर खेड्यापाड्यांत 'येळवस' हाच शब्द रूढ आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगूचा, तर लातूर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा या भागांत कन्नडचा वावर आहे. दखनी उर्दू आणि बंजारा बोली दोन्हीकडे ऐकू येते. बाजारातील माणूस एकाच वाक्यात यांपैकी दोन भाषा सहज मिसळतो. शहरी, प्रमाण भाषेच्या नमुन्यांवर घडलेल्या ध्वनिशोध प्रणालीला असे वाक्य समजणे अवघड जाते.

तिसरी मर्यादा नवख्या ग्राहकाची आहे. ज्याची कोणतीही पूर्वनोंद नाही, त्याला काय दाखवावे, हे शिफारस प्रणालीला ठरविता येत नाही. नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातील दुकानदार मात्र यात्रेकरूचे राहणीमान, त्याच्या सोबतची माणसे आणि परतीच्या गाडीची वेळ यांवरून क्षणार्धात अंदाज करतो. येथे अनुभव हीच त्याची प्रणाली असते.

या मर्यादा कायमच्या आहेत, असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. चांद्र तिथी संगणकास शिकविता येतात, बोलीचे नमुने गोळा करता येतात. प्रश्न एवढाच आहे की, लहान बाजारपेठेसाठी एवढा खटाटोप कोण करील आणि त्याचा लाभ कोणास मिळेल.

उधारी आणि पत : मूळ प्रश्न :

ग्राहकाविषयीच्या ज्ञानाचा सर्वांत गंभीर उपयोग उधारीत होतो. मराठवाड्यातील किराणा व कापड दुकानांची उधारी हंगामाशी बांधलेली असते. जूनमध्ये पेरणीसाठी बी-बियाणे व खते लागतात, त्याच सुमारास मुलांच्या शाळा सुरू होतात. हातात पैसा मात्र नसतो. दुकानदार वहीत नाव मांडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन मोंढ्यात आले की खाते बेबाक होते. काही बाकी राहिलीच तर ती तूर किंवा हरभऱ्यावर जाते. या व्यवहाराला लेखी करार नसतो. पीक बुडाले तर दुकानदार तगादा लावतो, परंतु बाकी पुढील हंगामावर ढकलतो, कारण ग्राहक तुटला तर मागील बाकीही बुडते, हे त्यास ठाऊक असते. अशा प्रकारे दुष्काळाच्या जोखमीचा काही भाग दुकानदार स्वतःच्या भांडवलावर घेत आला आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारातील भाव त्याच्या खाली राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी व पुरामुळे मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक वर्षी मोंढ्यातील तुटीचा परिणाम किराणा दुकानाच्या वहीपर्यंत पोहोचतो.

भ्रमणध्वनीवरील पतपुरवठ्याची रीत वेगळी आहे. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' अशा योजना आणि झटपट कर्जे यांत ग्राहकाची पत त्याच्या देयकांच्या नोंदींवरून संगणक ठरवितो. ही पत काही मिनिटांत मिळते आणि तीत ओळख-पाळख, जात किंवा गाव पाहिले जात नाही, हा तिचा निश्चित गुण आहे. जुन्या उधारीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तीत वाढीव भावाच्या रूपाने छुपे व्याज असू शकते, ग्राहक एकाच दुकानाशी बांधला जातो आणि ज्याची ओळख नाही अशा मजुरास किंवा भाडेकरूस ती मिळतच नाही.

तथापि, संगणकाची पत मासिक हप्त्याच्या तारखेवर चालते. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामावर चालते. नोकरदार ग्राहकाच्या नोंदींवर घडलेल्या प्रणालीस जून ते सप्टेंबर या काळात खात्यात पैसा न येणारा ग्राहक बेभरवशाचा वाटतो, जरी तो ऑक्टोबरमध्ये पै-पैचा हिशोब चुकता करणारा असला तरी. शिवाय हप्ता चुकल्यास त्याची नोंद पतइतिहासात होते आणि पुढील कर्जाच्या वेळी ती आडवी येते. पाऊस का पडला नाही, याची नोंद तेथे होत नाही. दुकानदाराच्या वहीत 'बाकी' या शब्दामागे कारण असते. संगणकाच्या नोंदीत केवळ आकडा असतो.

छोट्या व्यापाऱ्याचे स्थान :

या परिस्थितीत छोटा व्यापारी हातावर हात ठेवून बसलेला नाही. खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारख्या उपयोजनांमुळे उधारीची वही भ्रमणध्वनीवर आली आहे. ग्राहकास बाकीचा संदेश जातो आणि तोंडाने मागण्याचा संकोच टळतो. मोठ्या उत्पादक कंपन्या आपल्या उपयोजनांद्वारे दुकानदाराची मागणी थेट नोंदवून घेतात. अनेक दुकानदार व्हॉट्सॲपवर यादी मागवून माल घरपोच देतात. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याचा हेतूही लहान विक्रेत्यास कोणत्याही एका मंचावर अवलंबून राहावे लागू नये, असा आहे.

मात्र येथे एक विसंगती दिसते. दुकानदार सोयीसाठी जी वही भ्रमणध्वनीवर चढवितो, तीच त्याची आयुष्यभराची कमाई असते. कोणता ग्राहक कधी देतो, कोणत्या गल्लीत कोणता माल खपतो, हे ज्ञान त्या वहीत असते. पूर्वी ही वही दुकानाबाहेर जात नसे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा होई. आज तीच माहिती दुकानाबाहेरच्या संगणकात साठविली जाते आणि तिच्यातून निघणारे निष्कर्ष दुकानदारास मिळतातच असे नाही.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-व्यापार नियम यांनी ऑनलाईन मंचांवर जबाबदाऱ्या टाकल्या. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या फसव्या मांडण्यांना नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंध केला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. परंतु हा कायदा व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करतो. एखाद्या बाजारपेठेने पिढ्यान्पिढ्या मिळविलेल्या सामूहिक ज्ञानावर कोणाचा हक्क, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

उपाययोजना :

१) सामूहिक माहितीसाठा : एकट्या दुकानदाराच्या पावत्यांवरून विश्वसनीय अंदाज निघत नाही, शंभर दुकानांच्या पावत्यांवरून तो निघू शकतो. व्यापारी संघटनांनी ग्राहकांची नावे वगळून वस्तुनिहाय विक्रीच्या नोंदी एकत्र केल्यास सर्वांना उपयुक्त असा पूर्वअंदाज मिळेल. मागणी एकत्र करण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांच्या मासिक मागणीच्या याद्या एकत्र करून सामुदायिक खरेदी व वाटप यशस्वी करून दाखविले आहे. ग्राहकांनी जे संगणकाशिवाय केले, ते व्यापाऱ्यांना संगणकाच्या मदतीने करता येईल.

२) स्थानिक दिनदर्शिका : सण, यात्रा, आठवडी बाजार, मोंढ्यातील आवक, लग्नसराई आणि परीक्षांचे वेळापत्रक यांची तालुकानिहाय नोंद असलेली संगणकीय दिनदर्शिका तयार झाल्यास कोणत्याही पूर्वअंदाज प्रणालीस तिचा उपयोग होईल.

३) हंगामाशी सुसंगत पतपुरवठा : बँका व पतसंस्था यांनी छोट्या कर्जाचे हप्ते पिकाच्या आवकेशी जोडावेत आणि दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यांतील थकबाकी पतमूल्यांकनात वेगळी धरावी.

४) महाविद्यालयांची भूमिका : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. येथील वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन असे काम हाती घेणे शक्य आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका किराणा दुकानाच्या वर्षभराच्या पावत्यांचे विश्लेषण करणे, संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने त्यासाठी साधे उपयोजन तयार करणे आणि मराठीच्या विद्यार्थ्याने बाजारातील बोलीशब्दांचा संग्रह करणे, असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प पाठ्यपुस्तकातील अनेक प्रकरणांपेक्षा अधिक काही शिकवील.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. किरकोळ व्यापारातील कृत्रिम बुद्धिमत्ता नवे काही जादूचे काम करीत नाही. अनुभवी दुकानदार जे ओळखीच्या बळावर करतो, तेच ती नोंदींच्या बळावर प्रचंड प्रमाणावर करते. ग्राहकाला त्यामुळे निवड, तुलना व सोय यांचा लाभ मिळतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र दुकानदाराच्या ज्ञानासोबत जोखीम वाटून घेण्याची एक अलिखित व्यवस्था होती. ज्ञान दूरच्या संगणकाकडे गेले, तरी जोखीम त्याच्यासोबत गेलेली नाही. ती शेतकरी ग्राहक आणि छोटा व्यापारी यांच्याकडेच राहिली आहे.

नांदेड व लातूर येथील बाजारपेठांचे भवितव्य केवळ किती दुकाने टिकतील, यावर मोजता येणार नाही. चांगल्या वर्षी माल स्वस्त व लवकर मिळणे ही कोणत्याही व्यवस्थेची सोपी कसोटी आहे. पाऊस नसलेल्या जून महिन्यात घरातील पीठ-मीठ कोण पुरविणार आणि त्याचे पैसे केव्हा मागणार, ही तिची खरी कसोटी होय. यंत्राला ही गोष्ट शिकविणे अशक्य नाही. परंतु ती शिकविण्यासाठी लागणारे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, त्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या गावातील महाविद्यालयांनी त्यात वेळीच सहभागी होणे आवश्यक आहे.